हिंगातलं पीठ

माझा स्वभाव तापट आहे, आणि बरीच वर्षं मला त्याचा अभिमान होता. बाई कडक आहे पण काम चोख, असं लोक म्हणायचे, आणि ते माझ्या कानावर येईल अशी व्यवस्था मीच करायचे. पुण्यात फूड टेक्नॉलॉजीची एम.एस्सी., तिथल्याच एका बिस्किटांच्या कारखान्यात सहा वर्षं, मग लग्न, मग दुबई. इथे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फरसाणाच्या फॅक्टरीत मी क्वालिटी आणि एक्स्पोर्टचे कागद बघते. अजूनही बघते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या सगळ्यात जिची नोकरी जायला हवी होती तिची गेली नाही.

आमचा माल आधी आखातात आणि आफ्रिकेत जायचा. युरोपचं खूळ मी डोक्यात घेतलं. तिथली गंमत अशी, की देश सत्तावीस पण मालाला दार एकच. हॉलंडच्या बंदरात माल उतरला आणि कागद बरोबर निघाले, की मग तो बेल्जियमला जाऊ दे नाहीतर जर्मनीला, पुढे सहसा कुणी अडवत नाही. त्यामुळे सगळा भार त्या पहिल्या कागदांवर. पाकिटावर तिथल्या आयातदाराचं नाव आणि पत्ता छापावा लागतो, म्हणजे काही बिघडलं तर सरकार त्याच्या दारात उभं राहणार. तो बिचारा कशाच्या जोरावर आपलं नाव लावतो? इथे बसून मी सही केलेल्या कागदाच्या जोरावर. हे मी नव्या लोकांना ट्रेनिंग देताना सांगायचे, आणि सांगताना माझी मान जरा ताठ व्हायची.

त्यांची चौदा पदार्थांची एक यादी असते. ज्यांच्यामुळे कुणाला ॲलर्जी होऊ शकते ते पदार्थ पाकिटावर ठळक अक्षरात छापायचे. शेंगदाणे, तीळ, दूध वगैरे तर आहेतच, पण मोहरीसुद्धा आहे. मोहरी! मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की आपल्या फोडणीला तिकडे ठळक अक्षरात उभं करतात. तो हसला. ती यादी मला पाढ्यांसारखी पाठ होती आणि तिच्यातला पहिलाच पदार्थ गहू होता.

आमच्या आयातदाराने एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं, की तुमच्याकडे ग्लूटेन-फ्री काही आहे का. गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते असे लोक तिकडे बरेच, त्यांच्यासाठी मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळं कपाट असतं, आणि तिथे एकदा शिरलं की आपण भारतीय दुकानांच्या मागच्या फळीवरून थेट पुढे येतो. सगळे एकमेकांकडे बघत होते. मी म्हटलं, आहे ना, पोह्यांचा चिवडा. पोहे तांदळाचे, डाळं हरभऱ्याचं, शेंगदाणे, खोबरं, कढीपत्ता, मोहरी, हळद, तिखट, मीठ, साखर, हिंग. गहू कुठे आहे यात? मालक खूश. "मैडम, आपने तो घर बैठे माल बना दिया," असं ते चार लोकांसमोर म्हणाले आणि मी दोन दिवस हवेत होते.

नियम साधा होता. ग्लूटेन-फ्री छापायचं तर एका किलोत वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन सापडता कामा नये. त्यासाठी प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवा. नमुना मी स्वतः केला, आमच्या छोट्या ट्रायल किचनमध्ये, ॲप्रन लावून. त्या दिवशी किचनमध्ये हिंग नव्हतं. मसाला रूम खाली तळमजल्यावर, लिफ्ट बंद, आणि कुरिअरवाला रिसेप्शनला येऊन यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत होता. चिमूटभर हिंगाने सॅम्पलचं काय अडतंय, असं म्हणून मी तशीच फोडणी केली. रिपोर्ट अर्थातच स्वच्छ आला. मी तो लॅमिनेट करून घेतला.

आता चाचांबद्दल. मसाला रूम चाचांकडे होती. रायगडमधल्या समुद्राकाठच्या एका गावचे, साठीला आलेले, फॅक्टरी सुरू झाली तेव्हापासूनचे. सगळे त्यांना चाचाच म्हणत, मीही. आमचं बोलणं मराठीत चाले. त्यांची मराठी कोकणी मुसलमानांची, माझी सदाशिव पेठी, आणि त्यावरून ते मला चिडवायचे, की मॅडम तुम्ही बोलता तेव्हा रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटतं. सगळ्या फॅक्टरीत माझी अशी चेष्टा करायची हिंमत त्यांनाच होती. बायको आणि एक मुलगी त्यांच्याबरोबर शारजात राहत होती. मुलगी उशिरा झालेली, म्हणून फार लाडकी. तिचं दहावीचं वर्ष होतं. माझी लेक दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत नववीत, त्यामुळे मार्कांच्या गप्पा आमच्यात नेहमी व्हायच्या.

ग्लूटेन-फ्री चिवड्याची पहिली मोठी बॅच निघाली त्या दिवशी मी मसाला रूममध्ये तपासणीला गेले. चाचा हिंगाचा पाच किलोचा डबा हातात घेऊन उभे होते. आजूबाजूला चारपाच माणसं वजनं करत होती. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक बोलू? ह्या हिंगामदी मैदा हाय. डब्यावर बारीक लिवलंय."

मला ते लागलं. का लागलं ते आज नीट सांगता येतं. ते बरोबर आहेत असं मनात कुठेतरी कळलं म्हणूनच लागलं. पण तेव्हा मी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "चाचा, हिंग चिमूटभर असतं. माझ्याकडे लॅबचा रिपोर्ट आहे. तुम्ही वजनं सांभाळा, गव्हाचं मी बघते." आवाज चढाच होता. वजनं करणारे हात थांबले आणि परत चालू झाले. चाचा बरं म्हणाले.

आणि मग त्यांनी जे करायचं असतं तेच केलं. बॅच कार्डावर खाली शेऱ्याचा रकाना असतो, तिथे त्यांनी इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं, की हिंगात गव्हाचं पीठ आहे, कृपया तपासावे.

आमच्याकडे एक पद्धत होती, आणि मला वाटतं आपल्या लोकांच्या बऱ्याच कारखान्यांत असते. मसाला रूममधून येणारं कार्ड हळदीने पिवळं, तेलाने पारदर्शक झालेलं, कोपरे गळून पडलेलं. असं कार्ड ऑडिटरपुढे कसं ठेवायचं? म्हणून आम्ही ते फेअर करायचो. शाळेत रफ वहीतून फेअर वहीत उतरवायचो ना, तसंच. नवं कोरं कार्ड घ्यायचं, निळ्या पेनने सगळे आकडे जसेच्या तसे उतरवायचे, त्यावर संबंधित माणसाची सही घ्यायची आणि जुनं फाडून टाकायचं. फसवायचं म्हणून कुणी करत नसे. स्वच्छतेची हौस, दुसरं काही नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून युरोपची कार्डं मीच फेअर करायचे.

त्या कार्डाचे आकडे मी उतरवले. वजनं, वेळा, तेलाचं तापमान, सगळं अचूक. शेऱ्याच्या रकान्यापाशी आले आणि मनात म्हटलं, आता हे चाचा मला शिकवणार. रकान्यात मी एक आडवी रेघ मारली, म्हणजे शेरा नाही. मग कार्ड सहीला खाली पाठवलं. चाचांनी न वाचता सही केली. ते कधीच वाचायचे नाहीत, कारण फेअर मॅडम करतात हे त्यांना माहीत होतं. जुनं कार्ड मी फाडलं आणि हात धुतले, कारण बोटांना हळद लागली होती.

पाच महिने सगळं छान चाललं. चिवडा हॉलंडहून चार देशांत गेला. मला त्याबद्दल काचेची ट्रॉफीही मिळाली. मग एका सकाळी आयातदाराची मेल आली. बेल्जियममधल्या एका दुकानातून सरकारी तपासनिसांनी सहज म्हणून पाकीट उचललं होतं. त्यात ग्लूटेन सापडलं, मर्यादेच्या कितीतरी पट. तिथे त्यांची एक सूचना यंत्रणा आहे, एका देशाने घंटा वाजवली की सगळ्या देशांना ऐकू जाते. ज्या एकाच दारातून माल इतका सुरळीत आत गेला होता, त्याच दाराने चार देशांतली कपाटं एका दिवसात रिकामी झाली. मेलच्या शेवटी एक ओळ होती, की एका आजोबांनी तक्रार केली आहे, त्यांची सात वर्षांची नात आठ दिवस पोटदुखीने शाळेत गेली नव्हती. ती ओळ मी तेव्हा भरभर वाचली. माझं लक्ष आकड्यावर होतं.

दोन दिवस मी कारण शोधत होते. पोह्यांच्या गिरणीवर संशय घेतला, तळणीच्या तेलावर घेतला, पॅकिंगच्या मशीनवर घेतला. त्या मशीनवर आधी शंकरपाळे निघतात, म्हणजे तेच असणार, असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. संध्याकाळी घरी उपासाची बटाट्याची भाजी टाकली. तूप तापलं, जिरं टाकलं, सवयीने हात हिंगाच्या डबीकडे गेला आणि सवयीनेच मागे आला. उपासाला आमच्याकडे हिंग चालत नाही. लहानपणापासून नाही चालत. का, ते आईने मी परकर नेसत होते तेव्हा सांगितलं होतं: अगं, त्यात पीठ असतं, बांधणी हिंग ते.

जिरं जळलं. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. चाळीस वर्षं दर चतुर्थीला मी हा नियम पाळला होता. देवाच्या पोटाची एवढी काळजी, आणि ज्यांचं पोट खरंच दुखणार होतं त्यांच्यासाठी पाकिटावर ग्लूटेन-फ्री छापलं ते मीच. डबी उलटी करून मागचं वाचलं. होतंच लिहिलेलं. लेक आत आली, स्मेल कसला येतोय मम्मा म्हणाली, आणि मी तिच्यावर उगाच ओरडले.

तेव्हा मला सगळं कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की बाईचा गोंधळ झाला असेल. गोंधळ वगैरे काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. मालक, प्रॉडक्शन मॅनेजर, मी, आणि स्क्रीनवर हॉलंडहून आयातदार. तो फार सभ्य माणूस. म्हणाला, तुमच्या नमुन्याचा रिपोर्ट स्वच्छ आहे, म्हणजे नंतर प्रॉडक्शनमध्ये काहीतरी बदललं असणार, ते काय? मला बोलायला तीच जागा होती. नमुन्यात हिंग नव्हतं, एवढी तीन शब्दांची गोष्ट. मी पाण्याचा घोट घेतला. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, मसाला बदलला असेल, मसाला रूमवाल्याला बोलवा.

चाचा आले, टोपी काढून हातात धरलेली, केसांची जाळी कानावर आलेली. मालकांनी हिंदीत विचारलं, हिंग बदललं का. चाचा म्हणाले, नाही, पहिल्या दिवसापासून हेच आहे, आणि यात मैदा आहे हे मी मॅडमना सांगितलं होतं, कार्डावर लिहिलंही होतं. सांगताना ते माझ्याकडे बघत होते, तक्रारीने नव्हे, साक्षीदाराकडे बघावं तसे. त्यांना वाटलं होतं मी आता हो म्हणेन आणि विषय पुढे जाईल.

फाईल माझ्यापुढेच होती. प्रॉडक्शन मॅनेजरने ती ओढून घेतली, कार्ड काढलं, मालकांपुढे ठेवलं. स्वच्छ निळं अक्षर. शेऱ्याच्या रकान्यात आडवी रेघ. खाली चाचांची सही.

मालकांनी मला विचारलं, "मैडम, इन्होंने आपको बोला था?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही." मराठीत म्हटलं. का कोण जाणे. मग हिंदीत म्हटलं, मग स्क्रीनकडे बघून इंग्रजीत म्हटलं. एक खोटं तीन भाषांत बोलले.

चाचांनी कार्डाकडे पाहिलं, स्वतःच्या सहीकडे पाहिलं. त्यांना फेअरची पद्धत माहीत होती. ते एक शब्द बोलले असते तर मालकांनी जुनी कार्डं कुठे जातात ते विचारलं असतं, आणि माझा खेळ तिथेच खलास होता. ते म्हणाले, मॅडमना कामं फार असतात, नसेल लक्षात राहिलं. आणि टोपी घालून खाली गेले.

युरोपला एक उत्तर पाठवावं लागतं. त्याचा छापील नमुना असतो. चूक काय झाली, मूळ कारण काय, त्यावर उपाय काय केला, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. हे भरण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. मूळ कारणाच्या चौकटीत मी लिहिलं, की मसाला विभागाच्या प्रमुखाने घटक पदार्थातील गव्हाच्या पिठाची लेखी नोंद केली नाही. उपायाच्या चौकटीत मालकांच्या सांगण्यावरून लिहिलं, की संबंधित व्यक्तीला पदावरून दूर करण्यात येत आहे. वाक्यं अशी नीटस जमली होती की आयातदाराने कौतुक केलं, इतकं स्पष्ट उत्तर आपल्याला क्वचित मिळतं म्हणाला. तिकडचे लोक कागदावर विश्वास ठेवतात हो. त्यांचा सगळा बाजारच त्यावर उभा आहे, की कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी बाईने लिहिलेलं खरं असतं.

पुढच्या आठवड्यात एचआरची मेल आली, मला कॉपी होती. चाचांचा व्हिसा रद्द करायचा, सोबत दोन अवलंबित, पत्नी आणि कन्या. नोव्हेंबर चालू होता. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. ज्यांनी इथे मुलं शिकवली आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. दहावीच्या अर्ध्या वर्षात पोर उचलून गावी न्यायची म्हणजे वर्ष गेलंच, नाव एका शाळेत नोंदलेलं, दुसरं कुणी घेत नाही. चाचा कुणाकडे रडायला आले नाहीत. पण पॅन्ट्रीतला चहावाला म्हणाला, की त्यांनी पोरीला अजून सांगितलेलं नाही, ती प्रीलिम देतेय.

इतके दिवस नुसती भीती होती, माझी स्वतःची. आता पहिल्यांदा लाज वाटली, अंगभर, आरशात बघवेना अशी. दोन रात्री काढल्या आणि ठरवलं की मालकांना सगळं सांगून टाकायचं. वाक्यं पाठ केली. फेअरचं सांगणार होते, रेघ मी मारली हे सांगणार होते, नमुन्यात हिंग नव्हतं हे सांगणार होते.

मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी बसा म्हटलं, चहा मागवला. आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, की चाचा जुने आहेत, मुलीची परीक्षा आहे, माणुसकी म्हणून मार्चपर्यंत त्यांना दुसऱ्या कुठल्या विभागात ठेवता येईल का. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. पण मला माझी लेक दिसली, तिची शाळा दिसली, आमचं घर दिसलं. खरं तर नवऱ्याची नोकरी होती, आमचा व्हिसा त्याच्यावर होता. माझी नोकरी गेली असती तर आम्ही कुठेही जाणार नव्हतो. गेलं असतं ते फक्त माझं नाव. तेवढ्यासाठी मी गप्प बसले, आणि हे मला सगळ्यात जास्त खातं.

मालक म्हणाले, "आपका दिल बड़ा है, मैडम. इतना नुकसान होने के बाद भी." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असणार.

चाचांना कार्टनच्या गोदामात टाकलं. वीस वर्षं ज्या माणसाने नाकाने वास घेऊन धण्याची पोती परत पाठवली, तो आता पुठ्ठ्याच्या खोक्यांवर चिकटपट्टी लावत होता. गोदाम माझ्या ऑफिसच्या जिन्याखालीच. रोज सकाळी ते सलाम मॅडम म्हणायचे, रोज. चिडवणं मात्र बंद झालं. मी जेवायचा डबा टेबलावरच उघडायला लागले, कॅन्टीनला जाणं सोडलं. फेअर करायची पद्धत मी बंद केली, हिंग तांदळाच्या पिठाचं मागवायला लागले. लोक म्हणाले मॅडम आणखी कडक झाल्या. चिवडा परत युरोपला जाऊ लागला. त्या सात वर्षांच्या मुलीला पत्र लिहावं असं एकदोनदा मनात आलं, पण आयातदारामार्फत पाठवलं तर प्रश्न विचारले जातील, म्हणून तेही राहिलं.

परीक्षा संपली. एप्रिलच्या एका रविवारी दुपारी चाचांचा फोन आला, की परवा निघतोय, घरी भेटायला येऊ का. नको म्हणायला कारण सापडेना. तिघंही आली. चाचा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, बायको संकोचून सोफ्याच्या कडेला, मुलगी उंच, चष्म्याची, वडिलांसारखंच कपाळ. त्यांनी स्टीलच्या डब्यातून सांदणं आणली होती. डबा माझ्या हातात देताना चाचा हसून म्हणाले, नुसत्या तांदळाची हायत मॅडम, बिनधास्त खा. कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझी चेष्टा केली होती. माझ्या नवऱ्याला काही माहीत नव्हतं, तो मोठ्याने हसला.

मी चहा केला. चाचांनी नवऱ्याला सांगितलं, की मॅडमनी साहेबांकडे शब्द टाकला म्हणून पोरीची परीक्षा झाली, नाहीतर तिचं वर्ष तेव्हाच गेलं होतं. त्यांची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, अल्ला तुमच्या लेकीला सुखी ठेवो. नवरा माझ्याकडे कौतुकाने बघत होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आत्ता, आत्ता तरी बोल, असं मी स्वतःला म्हणत होते, आणि सगळ्यांना सांदणं वाढत होते.

मुलगी आल्यापासून काही बोलली नव्हती. मी तिला विचारलं, पेपर कसे गेले. ती चांगले म्हणाली. मग बशी खाली ठेवून माझ्याकडे सरळ बघत इंग्रजीत म्हणाली, की कार्डावरचं ते वाक्य अब्बांना तिने लिहून दिलं होतं. अब्बांनी दुपारी फोन करून विचारलं होतं, हिंगात मैदा आहे हे इंग्रजीत कसं लिहायचं, मॅडम रागावतील असं नको, नीट लिहून दे. म्हणून तिने त्यात प्लीज घातलं होतं. आणि मग ती म्हणाली, "आंटी, यू रिअली डोन्ट रिमेंबर?"

नवऱ्याला काही समजलं नाही, तो बशी घेऊन थांबला होता. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर सतरंजीवर होती, आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत नव्हते, हे मला स्पष्ट दिसलं.

"नाही गं," मी म्हटलं. "खरंच नाही आठवत."

मुलगी तशीच बघत राहिली. तेव्हा चाचा तिच्यावर चिडले, इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ज्यांच्यामुळे तू परीक्षेला बसलीस त्यांना असं विचारतात का, म्हणाले, माफी माग त्यांची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती मान खाली घालून म्हणाली, "सॉरी, आंटी."

मी उठले, तिच्याजवळ गेले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि म्हटलं, "असू दे गं बेटा. मी नाही मनाला लावून घेत."